फुलपात्र खरे का वाटत नाही?

संगणकावर वस्तूंची त्रिमिती चित्रे, म्हणजे रेंडर, करू लागलेल्या मुलांची घरी एक मागणी हमखास असते : भारी ग्राफिक्स कार्ड हवे! पालकांनी खिशात हात घालण्यापूर्वी मुलाच्या चित्राशेजारी घरातले स्टीलचे फुलपात्र ठेवून पाहावे. चित्र खोटे वाटण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

विद्यार्थी मित्रांनो, आधी काठ पाहा. संगणकात दोन बाजू मिळतात तिथली कड अगदी धारदार असते. फुलपात्राचा काठ ओठांना लागू नये म्हणून वळवलेला असतो आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. खोक्याची कडही थोडी बोथट असतेच. ब्लेंडरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ‘बेव्हल’ दिला की ही रेघ उमटते. मात्र वस्तू खऱ्या मापाची हवी. ब्लेंडर उघडताच समोर येणारा ठोकळा २ मीटरचा असतो. त्यातूनच फुलपात्र घडवले तर ते माणसापेक्षा उंच होईल. त्यावर अर्धा मिलिमीटर दिसणार तरी कसा?

याहून महत्त्वाची गोष्ट प्रतिबिंबाची. चकचकीत स्टीलमध्ये आपल्याला दिसते ती खिडकी, भिंत, ओटा आणि पाहणारा स्वतः. रिकाम्या करड्या पोकळीत ठेवलेले फुलपात्र करडेच दिसणार. मुले मग स्टीलचाच रंग बदलत बसतात! बदलायचे असते ते आजूबाजूचे. एका बाजूला मोठा पांढरा पडदा आणि दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला की भांड्यावर उजेड-काळोखाचे उभे पट्टे येतात आणि त्याला गोलाई येते.

चिनी मातीच्या कपाचे गणित निराळे. त्याची झिलई समोरून आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परावर्तित करते; नजर तिरपी होत जाते तसे हे प्रमाण वाढते आणि अगदी कडेला ती आरशासारखी वागते. गुळगुळीत फरशीवर खिडकीचे प्रतिबिंब दूर स्पष्ट दिसते, पायाशी दिसत नाही, त्याचे कारणही हेच.

सावलीचे थोडक्यात : दिवा लहान तर सावली रेखीव, खिडकी मोठी तर मऊ. ओरखडे, बोटांचे ठसे यांनी खरेपणा येतो हे खरे, पण मुले ते इतके घालतात की भांडे भंगारातले वाटते.

स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘आयकिया’ या फर्निचर कंपनीने २००६ मध्ये आपल्या कॅटलॉगमध्ये एका लाकडी खुर्चीचे संगणकावर केलेले चित्र छापले. पुढे तिने आपल्या छायाचित्रकारांना त्रिमितीचे काम आणि त्रिमिती कलाकारांना छायाचित्रण शिकायला लावले. आमच्या मते हाच खरा अभ्यासक्रम.

राहिला यंत्राचा प्रश्न. ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला पैसे पडत नाहीत. त्यातले ‘सायकल्स’ रेंडर वेगळ्या कार्डाशिवाय, साध्या प्रोसेसरवरही चालते, फक्त वेळ लागतो. फार जुन्या संगणकावर नवी आवृत्ती उघडली नाही तर जुनी उतरवून घ्यावी. चाचणीची चित्रे लहान आकारात करावीत आणि शेवटचे मोठे चित्र रात्री लावून ठेवावे. सकाळपर्यंत ते तयार असते.