नवे कार्ड, जुना ड्रायव्हर

वाळूज-चिकलठाण्यात वाहनांच्या सुट्या भागांचे साचे आज आधी संगणकाच्या पडद्यावर आकार घेतात; छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये हेच काम शिकवले जाते. अशा संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बदलताना स्क्रूइतकेच लक्ष ड्रायव्हरकडे हवे. ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे बसवले, की दुभाषाही बदलावा लागतो. पण जुन्याच्या फायली आणि सेटिंग आपोआप जात नाहीत. म्हणून कार्ड काढण्यापूर्वीच जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करावा. चिवट अवशेषांसाठी सेफ मोडमध्ये 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा प्रोग्राम चालवावा आणि तेवढा वेळ इंटरनेट तोडावे, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपल्या पसंतीचा ड्रायव्हर बसवू शकते. पडद्यावरची अक्षरे अचानक मोठी दिसली तर घाबरू नये. विंडोजचा प्राथमिक ड्रायव्हर तात्पुरते काम चालवत असतो.

विंडोज सगळे स्वतःच ओळखते, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. एकाच कंपनीच्या जवळच्या पिढ्यांतल्या कार्डांबाबत ते बरेचसे खरे आहे. तिथे एकच ड्रायव्हर अनेक मॉडेल सांभाळतो. पण 'सर्वांत नवा तोच उत्तम' हे मला पटत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी कोणत्या कार्डावर ड्रायव्हरची कोणती आवृत्ती तपासलेली आहे, याची यादी मिळते. साच्याच्या चित्रात कड तुटक दिसू लागली, तर आधी ती यादी पाहावी. यादीतली आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मगच कॅबिनेट उघडा.