मार्गरेषा आणि डोंगरवाटेची पूर्वसिद्धता

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी सराटीस नीरेच्या काठी मुक्काम करून अकलूजला येते आणि तेथून माळीनगर व श्रीपूर या साखर कारखान्यांच्या गावांवरून बोरगावच्या मुक्कामास जाते. देहूपासून पंढरपुरापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही वाट दरवर्षी लाखो माणसे चालतात. त्यांपैकी बहुतेकांपाशी नकाशा नसतो आणि तो कोणी मागतही नाही. त्यांच्या हाती असते ते छापील वेळापत्रक. त्यात सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, रिंगणाचे स्थळ, रात्रीचा मुक्काम आणि तिथी एवढेच असते. मार्ग कोठे वळतो याविषयी त्यात अवाक्षर नाही.

म्हणून वारकऱ्याला मार्गाचे ज्ञान नसते, असे मात्र नव्हे. ते दिंडीच्या रचनेत साठविलेले असते. प्रत्येक दिंडीस रथापुढील वा रथामागील क्रमांक असतो. सामानाचा ट्रक पुढील तळावर आधी पोचतो. पाण्याची सोय कोठे, हे जुन्या वारकऱ्यास ठाऊक असते. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात तर तळावरील समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याची वर्दी सर्वांसमक्ष दिली जाते. चुकलेल्या माणसास आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे सांगता आले नाही तरी चालते. दिंडीचा क्रमांक सांगता आला म्हणजे पुरे.

याच माळशिरस तालुक्याच्या पश्चिम सीमेवर याहून कठीण उदाहरण आहे. चैत्रातील यात्रेत शिखर शिंगणापूरच्या महादेवास जाणाऱ्या कावडी कोथळ्याकडून मुंगी घाटाने वर नेतात. सरळ उभ्या चढणीवर माणसे एकमेकांच्या आधाराने साखळी करतात आणि कावड हातोहात वर सरकते. या घाटाची रेषा कागदावर काढणे दोन मिनिटांचे काम आहे; परंतु कोणत्या दगडावर कोणी उभे राहावयाचे, हे त्या रेषेत येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय यात्रा नव्हे. सह्याद्रीतील डोंगरवाटा आज ज्या रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तिचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून ही दोन उदाहरणे प्रथम घेतली. मार्गाची माहिती नेहमी दोन अंगांची असते: वाट कोठून जाते हे एक, आणि ती कोणत्या स्थितीत, कोणाला, किती वेळात जाऊ देते हे दुसरे. गेल्या पंचवीस वर्षांत पहिले अंग विलक्षण अचूक झाले, आणि दुसरे त्याच वेगाने गळून पडले, असे आमचे मत आहे.

पूर्वी ही दोन्ही अंगे एकाच मजकुरात असत. गो. नी. दांडेकरांचे दुर्गविषयक लेखन असो, हरीश कपाडिया यांचे १९७७ साली प्रथम निघालेले सह्याद्रीवरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक असो, वा नंतरचे ‘सांगाती सह्याद्रीचा’ असो, वाचकाला वाक्ये वाचावी लागत आणि वाक्यांतून ऋतू, पाणी, वाटाड्या यांची वार्ता आपोआप येई. मे २००० मध्ये अमेरिकेने जी. पी. एस. संदेशांत हेतुतः ठेवलेला दोष काढून टाकला, २००६ मध्ये स्पेनमध्ये विकिलॉक हे मार्ग-संग्रहाचे संकेतस्थळ निघाले, आणि पुढे प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल हेच मोजणीयंत्र झाले. भारतात नकाशांवरील निर्बंधही फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच सैल झाले. आता चालणारा माणूस काही न लिहिता आपली संपूर्ण वाट दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. या देण्यात औदार्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या वाटा दोन-चार मंडळांनाच ठाऊक होत्या त्या सर्वांना खुल्या झाल्या.

तथापि ही रेषा कशी उमटते हे पाहिले पाहिजे. ग्राहकयंत्र ठरावीक अंतराने आपले स्थान नोंदविते व ते बिंदू सरळ रेषांनी जोडले जातात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलच्या स्थाननिश्चितीतील चूक साधारणतः पाच मीटरांच्या आसपास असते. श्रीपूरच्या उसाच्या रानात पाच मीटर म्हणजे काहीच नव्हे. सह्याद्रीची घडण मात्र निराळी आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे जवळजवळ आडवे थर येथे एकावर एक रचलेले आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याखाली अरुंद टप्पा राहतो. अशा टप्प्यावरून जाणारी आडवी वाट कित्येकदा दोन पावलांहून रुंद नसते. तेथे पाच मीटरांची चूक म्हणजे एका बाजूस कातळ व दुसऱ्या बाजूस पोकळी. शिवाय बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या घळीत आकाशाची पट्टीच दिसते. थोडे उपग्रह दृष्टीत येतात, त्यांतील काहींचे संदेश कड्यांवर आपटून परावर्तित होऊन पोचतात, आणि चूक कित्येक पटींनी वाढते. म्हणजे जेथे रेषेची गरज सर्वाधिक, तेथेच ती सर्वांत कमी विश्वसनीय.

छापील नकाशाकडे वळल्याने ही अडचण सर्वस्वी सुटत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः वीस मीटर असते. पंधरा मीटरांचा कडा दोन रेषांच्या मधे सहज नाहीसा होतो. पदरातील जंगल, त्यातील ढोरवाटा आणि खरी वाट यांतील भेद तर कोणत्याच नकाशात नसतो. तो गावच्या गुराख्यापाशी असतो.

रेषेला काळ नसतो, हा दुसरा आणि आमच्या मते अधिक गंभीर दोष. नोंदीवर तारीख असते, पण ती सहसा कोणी वाचत नाही. जानेवारीत कोरडा ओढा ओलांडून गेलेली रेषा जुलैतही तशीच ओढा ओलांडते. मे महिन्यात तीच रेषा आटलेल्या टाक्यावरून जाते. उतरताना नोंदविलेल्या वाटेने कोणी चढतो, चढताना नोंदविलेल्या वाटेने कोणी उतरू पाहतो. कातळटप्प्यावर या दोन क्रिया सारख्या नसतात, हे ज्याने एकदा केले आहे त्यास सांगावे लागत नाही. नोंदविणारा जेथे चुकला व फिरून परत आला, तो फाटाही रेषेत राहतो, आणि त्यामागून येणारे दहाजण त्या चुकीस पायवाटेचे रूप देतात.

ऑगस्ट २०२३ च्या आरंभी हरिश्चंद्रगडावर पाऊस व धुके यांत वाट चुकलेल्या सहा तरुणांपैकी एकाचा थंडीने मृत्यू झाला. ज्या गडाची मार्गवर्णने विपुल आहेत असा हा गड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १४२० मीटर उंचीवर, महाराष्ट्रात, पावसाळ्यात माणूस थंडीने दगावू शकतो हे अनेकांस खरे वाटत नाही. परंतु त्यासाठी हिम लागत नाही. भिजलेले कपडे, वारा, उपाशी पोट आणि एका जागी काढलेली रात्र एवढ्याने शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ शकते. मग बोलणे अडखळते, निर्णयशक्ती मंदावते, आणि आपण धोक्यात आहोत हे त्या माणसाला स्वतःला उमगेनासे होते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि विजेरी यांचे वजन फारसे नाही.

पूर्वसिद्धतेच्या याद्या सर्वत्र मिळतात, म्हणून येथे त्या देत नाही. मार्ग देणाऱ्याची जबाबदारी मात्र क्वचितच सांगितली जाते. त्याने रेषेसोबत चार वाक्ये लिहावीत: आम्ही कोणत्या महिन्यात व किती जण होतो, पाणी कोठे प्रत्यक्ष पाहिले, दोर कोठे लावला, आणि कोणत्या ठिकाणापर्यंत सुखरूप परत फिरता येते. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण नळीच्या वाटेसारख्या चढणीत एका टप्प्यानंतर परत उतरणे पुढे जाण्याहून कठीण होते. वारीच्या वेळापत्रकातील विसावा जे काम करतो, तेच काम हे वाक्य करील.

घेणाऱ्याच्या बाजूस, नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवणे अवश्य आहे. डोंगरात दूरध्वनीचे जाळे नसले तरी उपग्रहांवरून स्थान कळते. नकाशा मात्र मागाहून मिळत नाही. भारतात उपग्रह-दूरध्वनी व उपग्रहावरून संदेश पाठविणारी यंत्रे परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकांतील तो उपाय येथे जसाच्या तसा लागू नाही. महाराष्ट्रात डोंगरातील शोध व सुटका हे काम पुष्कळ अंशी गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक व पायथ्याच्या गावचे लोक करतात. त्यांना शहरातून वा शेतातून गोळा होऊन पायथ्याशी यावे लागते आणि तेथून चालत चढावे लागते. त्यात कित्येक तास जातात. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावी किंवा घरी किती जण, कोणत्या वाटेने, कोणत्या वेळेपर्यंत परतणार हे सांगून ठेवले असेल, तर ते तास कोणत्या सोंडेवर व कोणत्या घळीत घालवावयाचे हे तरी शोधणाऱ्यांना ठरविता येते.