सत्तावन्नशे की पंचाहत्तरशे?

"कॉम्प्युटर कधी चुकत नाही" हे वाक्य मी दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी ते माझ्यावरच उलटलं!

आमचं घर औंढा नागनाथला. घरचा जमाखर्च आजोबा लाल वहीत लिहितात. मी म्हटलं, आता हे सगळं कॉम्प्युटरवर! ग्नूकॅश नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाकलं. आजोबा वही वाचायचे, मी टाइप करायचे. महिनाअखेर कपाटातली रोकड मोजली, तर स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा १८०० रुपये कमी! सगळ्यांची नजर गेली धाकट्या भावाकडे, कारण त्याच आठवड्यात त्याच्या हातात नवी बॅट दिसली होती. "मित्राची आहे," असं तो सांगत राहिला, पण कोणी ऐकेना. त्या रात्री तो न जेवताच झोपला.

आमच्या गावाजवळ लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होणार आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक फरक तिथे मोजणार म्हणे. आणि आम्हाला १८०० रुपयांचा फरक सापडेना!

मी सॉफ्टवेअरलाच दोष देत होते. आजोबांनी तरुणपणी आडतीवर मुनीमकी केलेली. ते शांतपणे म्हणाले, "बाई, फरकाला नऊनं भाग जातो का बघ."

जातो! १८०० भागिले ९ म्हणजे २००. "मग आकडे उलटे पडले असतील."

हे गणित सोपं आहे. ७५ आणि ५७ घ्या. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, कारण (१०अ + ब) वजा (१०ब + अ) म्हणजे ९(अ − ब). आमचा फरक ९०० गुणिले २, म्हणजे हजार आणि शतकाची जागा बदललेली, आणि त्या दोन अंकांत २ चा फरक. मग शेकडो नोंदी तपासायची गरजच नाही. पाचव्या मिनिटाला सापडलं : "सोयाबीन दोन कट्टे, ७५००". वहीत होते ५७००!

झालं असं, की आजोबा म्हणाले "सत्तावन्नशे". मी कॉन्व्हेंटची, कानावर आधी "सत्ता" पडलं आणि बोटांनी आधी ७ दाबला. इंग्रजीत फिफ्टी आधी येतं, मराठीत सात आधी. बिचारा भाऊ!

मग सॉफ्टवेअरने चूक पकडली का नाही? ग्नूकॅशमध्ये प्रत्येक नोंद दोन खात्यांत होते, आपल्या कीर्द-खतावणीसारखी. रोख खात्यात ७५००, सोयाबीनच्या उत्पन्नात ७५००. दोन्ही बाजू जुळल्या की ते खूश. नोंद जुळते का, एवढंच ते बघतं. ती खरी आहे का, हे त्याला कसं कळणार?

तुमचा हिशेब अडला तर या क्रमाने बघा :

१) फरकाएवढीच एखादी नोंद आहे का? असेल तर ती राहून गेली किंवा दोनदा पडली. बँकेचं स्टेटमेंट इम्पोर्ट केल्यावर हे हमखास होतं.

२) फरकाच्या निम्मी नोंद आहे का? ५०० चा फरक आणि २५० ची नोंद, म्हणजे जमा-नावे उलटं झालंय.

३) ९ ने भाग जातो का? वर सांगितलंच!

४) एटीएममधून काढलेले पैसे खर्चात टाकू नका. ते बँकेतून रोख खात्यात गेले, एवढंच. नाहीतर भाजी घेतल्यावर तोच खर्च पुन्हा धरला जातो.

५) "इम्बॅलन्स-आयएनआर" नावाचं खातं आपोआप उगवलं, तर घाबरू नका. एखाद्या नोंदीची दुसरी बाजू द्यायची राहिलीय.

६) इम्पोर्ट करताना तारखेचा फॉरमॅट नीट निवडा. नाहीतर ०३/०४ चा ३ एप्रिल हा ४ मार्च होऊन बसतो.

७) मध्येच लाईट गेली आणि पुढच्या वेळी "लॉक मिळत नाही" असा मेसेज आला, तर फाइल दुसरीकडे कुठे उघडी नाही ना, ते बघून "ओपन एनीवे" करा. फाइलच बिघडली असेल, तर त्याच फोल्डरमध्ये तारीख-वेळ लिहिलेल्या जुन्या प्रती असतात. तरीही एक कॉपी पेनड्राइव्हवर हवीच.

आणि आठवी गोष्ट कुठल्याच हेल्प मेनूत नाही : हिशेब लागला नाही, तर आधी नोंदी तपासा, माणसं नंतर.

भावाला मी सॉरी म्हटलं. त्याने मोठ्या मनाने माफ केलं, पण दंड म्हणून स्वतःची बॅट मागितली. ती नोंद मात्र आजोबांनी मला करू दिली नाही. त्यांनी ती लाल वहीत, स्वतःच्या हाताने, आकड्यात आणि अक्षरी दोन्ही लिहिली!