सुरी घडवून घेताना

लोहाराला आधी काम सांगा, माप नंतर. काटक्या तासायच्या की मनगटाएवढी फांदी तोडायची, त्यावर पात्याची जाडी ठरते. कॅम्पसाठी ५ मिलिमीटर पुरे. त्याहून जाड सुरीने कांदाही धड चिरत नाही. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद उत्तम, फक्त पाटा तडकलेला नको. पाणी देताना, लालबुंद पात्याला चुंबक चिकटेनासं झालं की ते तेलात बुडवतात. मग मंद आचेवर पुन्हा तापवायलाच हवं, नाहीतर धारेचे टवके उडतात. मूठ आपल्या पंजाच्या मापाने घ्या. नक्षीवर पैसे घालवू नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीकामाचे वगळून. पातं या मापाच्या आतच ठेवा.