वाळ्याचे अत्तर कोणाला मानवते?

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. याच वाळ्याचे अत्तरही होते. वाळा हे गवत असून त्याच्या मुळांपासून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून ते काढण्याची परंपरा आहे. या तेलाला ओल्या मातीचा व लाकडाचा वास असतो. तो ना बायकी, ना पुरुषी. म्हणून स्त्री-पुरुष दोघांनीही तो खुशाल वापरावा. भपका न आवडणाऱ्या, शांत, मितभाषी व्यक्तीला तो विशेष शोभतो.

लिंबूवर्गीय सुगंध लवकर उडून जातो. वाळ्याचे तेल जड असल्याने तासन्‌तास टिकते, म्हणून एक थेंब पुरे. आपले नाक वासाला लवकर सरावते आणि वास गेला असे वाटून आपण पुन्हा अत्तर लावतो. शेजारी बसलेल्याला मात्र तो येतच असतो. त्याला दमा असल्यास उग्र वासाने धाप लागू शकते.

वनस्पतीपासून केलेले म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. नवे अत्तर प्रथम कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली वा पुरळ आल्यास ती जागा धुऊन अत्तर बंद करावे. त्रास न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे. इसब, जखम किंवा तान्ह्या बाळाच्या अंगावर ते लावूच नये.

सुगंध स्वभाव पाहून निवडावा, पण शेवटचा कौल त्वचेचा घ्यावा.