ऐरणीवरचे अर्थकारण

मृगाच्या सरी येण्यापूर्वीचे दिवस म्हणजे गावच्या लोहाराची खरी सुगी. नांगराचे फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी यांची रीघ त्याच्या भट्टीपुढे लागते. बारा बलुतेदारांत लोहार थोरल्या कासेतला, सुताराच्या जोडीचा. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्यास खळ्यावर धान्यरूपाने मिळे. त्यामुळे हिशेबाची वही ठेवण्याचा प्रसंगच कधी आला नाही.

त्याचे कौशल्य घणाच्या बळापेक्षा नजरेत अधिक असते. पोलाद लाल तापवून एकदम पाण्यात बुडविले की ते कठीण होते, परंतु ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा मंद आचेवर धरावे लागते. त्यावर प्रथम गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर, म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअसला, थांबल्यास धार टिकते. ३०० अंशांच्या आसपास निळ्यावर थांबल्यास लवचीकपणा येतो. तापमापक नसताना हे साधते! बैलगाडीच्या चाकाची धावही अशीच. ती चाकाच्या घेराहून किंचित लहान घडवितात, तापवून फुगली की चाकावर चढवितात आणि पाणी ओततात. आकसताना ती लाकडाला घट्ट आवळते.

ट्रॅक्टर व कारखान्यातील तयार अवजारे आली आणि हे काम घटले. उरलेले रोखीचे झाले, भांडवलाची गरज मात्र वाढली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. तीत प्रथम १ लाख रुपयांपर्यंत १८ महिन्यांसाठी व नंतर २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी विनातारण कर्जाची तरतूद असून कारागिरास ५ टक्के व्याज पडते. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य निराळे.

येथे आम्हा अधिकाऱ्यांची कसोटी लागते. लोहाराची मिळकत हंगामी, हप्ता मात्र दरमहाचा. केवळ मे महिन्याची आवक पाहून कर्ज दिले, तर श्रावणात हप्ता थकणारच. माझ्या मते अर्ज घेण्यापूर्वी शाखाधिकाऱ्याने एकदा भट्टीवर जावे. कोळसा व भंगार पोलाद कोठून, काय भावाने येते, वेल्डिंगची किंवा गेट-जाळीची कामे मिळतात का, हे विचारावे. कारागिरानेही आजपासूनच साध्या वहीत रोजची आवक-जावक लिहावी आणि सुगीतील काही रक्कम पुढील चार हप्त्यांसाठी बचत खात्यात राखून ठेवावी.