परसातली भाजी आणि बाईचे ताट

वस्तीत हिमोग्लोबिन तपासायला बसलो की बाया आधी हात मागे घेतात. "सिस्टर, आमचं रक्त कमीच निघतं, त्यात काय बघायचं?" असे म्हणतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, हापशावरून हंडा आणताना धाप लागणे, पायात गोळे येणे, हे बाईच्या जन्माला लागूनच आले आहे असे धरून चाललेले असते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांत तर ६८.९ टक्के. म्हणजे प्रमाण कमी व्हायचे सोडून वाढले.

नर्सिंगची नोकरी सोडून आम्ही वस्तीत काम करू लागलो, तेव्हा पहिली काही वर्षे गोळ्यांच्या मागेच धावलो. गोळ्या हव्यातच, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण गोळीबरोबर ताटात काय आहे हे विचारले, की बहुतेक घरांतून एकच उत्तर येई: भाकरी, तिखट, झाले तर वरण. भाजी आठवडी बाजाराच्या दिवशी आणि त्यानंतर दोन दिवस. मग एका मृगाला आम्ही पाच घरांनी मिळून ठरवले की वर्षभर परसात भाजी लावून बघायची. त्या वर्षाचा हा हिशेब, चुकांसकट.

जागा किती लागते?

आपल्यातल्या पुष्कळ घरांना शेत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात आपली माणसे तुरुंगात गेली. तरी आज हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन काढणारे आणि हळद खोदणारे कितीतरी हात दुसऱ्याच्याच रानात राबतात. शेताचा तो प्रश्न परसबागेने सुटत नाही, आणि तसा कुणी दावा करू नये. पण न्हाणीमागची दहा-बारा फुटांची पट्टी बहुतेकांकडे असते. आमच्या पाचांपैकी एका घराला तेवढीही नव्हती. त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटकी घमेली आणि तेलाचे डबे यांत माती भरली. डब्यांच्या बुडाला भोके पाडायची, एवढे विसरू नये.

पावसाळा

मृगाचा पाऊस पडल्यावर भेंडी, गवार, चवळी टोकली. कुंपणाला दोडका, कारले आणि वाल चढवला. भेंडीसाठी 'परभणी क्रांती' हे वाण घेतले. ते परभणीच्या आपल्याच कृषी विद्यापीठाचे आहे. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ते तोंड देते, आणि संकरित नसल्यामुळे त्याचे बी पुढच्या वर्षी धरता येते. लाल माठ आणि तांदुळजा महिन्याच्या आत कापायला आला. अंबाडी बांधाला लावली. शिवाय न पेरता उगवलेला तरोटा, कुरडू आणि घोळ होताच. या रानभाज्या आपल्या आज्यांनी दुष्काळात खाल्ल्या म्हणून आता आपण त्यांना गरिबाची भाजी म्हणून हिणवतो. ते चूक आहे. फक्त ओळख पक्की असलेलीच पाने तोडावीत आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची तोडू नयेत.

पहिली फजिती साबणाच्या पाण्याची झाली. धुण्याचे पाणी थेट वाफ्यात सोडले आणि आठवडाभरात माठ करपला. मग न्हाणीचे पाणी वेगळे केले, त्याच्या वाटेत खडी-वाळूचा खड्डा केला, आणि तोंडाशी केळी व अळू लावले. त्यांना ते पाणी मानवते. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी यांना मात्र सांडपाणी लागू देऊ नये. वाफ्यात आणि डब्यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यातच वाढतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी पालथी करायची सवय आम्ही तेव्हा लावून घेतली.

दुसरी फजिती शेळीची. शेजारच्या शेळीने एका दुपारी गवारीचा पूर्ण वाफा साफ केला. भांडण व्हायचेच होते. पण बाभळीच्या काट्यांचे कुंपण दोन्ही घरांनी मिळून घातले आणि लेंड्या आमच्या खताच्या खड्ड्यात यायला लागल्या.

श्रावणात शेवग्यावर सुरवंट आले. जूनमध्ये गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या कामी आल्या. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून फवारायची. मावा पडला तर चुलीची राख भुरभुरायची. परसातल्या भाजीवर दुकानातले विषारी औषध आम्ही मारले नाही. जिथे लेकरे खेळतात तिथे ते नकोच.

हिवाळा

खरी चंगळ दिवाळीनंतर. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, वांगी. दर पंधरा दिवसांनी मेथीची नवी ओळ टाकली, म्हणून ती एकदम आली नाही आणि एकदम संपलीही नाही. हरभऱ्याचा शेंडा खुडून भाजी केली आणि उरलेली सावलीत वाळवून डब्यात भरली. ओवा, गवती चहा, पुदिना आणि अडुळसा कोपऱ्यात लावला होता. गवती चहा आणि आले घालून काढा घ्यावा, घशाला बरे वाटते. पण ताप तीन दिवसांवर गेला, किंवा लेकराला धाप लागली, तर काढ्यावर राहू नये, दवाखाना गाठावा.

उन्हाळ्याच्या शेवटी लावलेली हळद माघात काढली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या बाया मजुरीने ती हळद खोदतात, त्यांच्या घरी मात्र बाजारातली पुडी येते. चार वाफ्यांत घरची हळद वर्षाला पुरली, आणि तिच्यात रंगाची भेसळ नाही याची खात्री होती.

उन्हाळा

मार्चमध्ये हापसा खडखडू लागला. पालेभाज्या आम्ही सोडून दिल्या. त्यांच्यासाठी माणसाच्या तोंडचे पाणी घालणे बरोबर नाही. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई एवढी झाडे न्हाणीच्या पाण्यावर आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनावर तगली. पपई लावल्यापासून दहाव्या महिन्यात पिकली. लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात, तोवर शेजारच्या झाडाचे घ्यावे. हिवाळ्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी याच दिवसांत उपयोगी पडली.

भाजी होती, मग रक्त का वाढेना?

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर आम्ही पाचही घरांतल्या बायांचे रक्त पुन्हा तपासले. एका घरची सून, अंगावर पिणारे लेकरू असलेली, पावसाळ्याच्या सुरुवातीला आठाच्या खाली होती. दिवाळीनंतरही जवळपास तेवढीच. तिच्या परसातली भेंडी आणि माठ तर सगळ्यांत जोमदार होता. काल काय जेवलीस, विचारले. म्हणाली, "भाजी संपली होती, ठेचा-भाकरी खाल्ली." परवा? तेच. गोळ्या? मळमळतात म्हणून फडताळात.

बी तिने लावले, पाणी तिने घातले, भाजी तिने निवडली आणि शिजवली. आधी पुरुष जेवले, मग लेकरे, मग सासूबाई. उरले ते तिचे, आणि बहुतेक वेळा उरलेच नाही. आम्ही घरी येऊन आमच्याच ताटाकडे पाहिले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना आहार सांगणारे आम्हीही पातेले पुसूनच खात होतो.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे सांगितले होते. हे वाक्य आपल्या सभांत नेहमी ऐकू येते. आम्ही ते विहारात बायांच्या बैठकीत ताटाच्या संदर्भात मांडले, आणि त्या दिवशी पुरुषांनाही बसवून घेतले. ठरले ते एवढेच: भाजी उतरली की बाईची वाटी आधी काढून झाकून ठेवायची, मग बाकीच्यांना वाढायचे. शक्य त्या घरी सगळ्यांनी एकत्र बसायचे. त्या सुनेच्या घरी हे काम सासूबाईंनी हातात घेतले, म्हणून ते टिकले. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितल्यावर मळमळही कमी झाली. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास तिचे हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले होते. त्यात गोळीचा वाटा मोठा आणि वाटीचाही आहे.

गोळी, भाजी आणि तपासणी

भाजीने सगळे होते असे आम्ही म्हणणार नाही. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले थोडेच अंगी लागते. रक्त फार कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. त्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. अंडी, कलेजी, मटण, सुकट यांतले लोह भाजीतल्यापेक्षा लवकर अंगी लागते. परवडेल तेव्हा तेही खावे, आणि त्यातही बाईचा वाटा आधी काढावा.

आणखी एक. सिकलसेलचा आजार आदिवासी समाजात आढळतो तसा विदर्भातल्या बौद्ध समाजातही आढळतो, आणि आपला जिल्हा यवतमाळ-वाशीमला लागून आहे. सोयरिकी तिकडच्या आहेत. गोळ्या आणि आहार नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, वारंवार सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्यावी. तो आजार असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

बी कुठून आणायचे?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्यांचे आणि धान्यांचे बी जमवले, जपले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हीही भेंडी, वाल, दोडका यांची पहिली चांगली फळे न तोडता झाडावर वाळू दिली, बी राखेत ठेवले आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला आपसांत वाटले. पाकिटावर संकरित लिहिलेले बी धरून ठेवू नये, त्याची पुढची पिढी सारखी येत नाही. माहितीसाठी कळमनुरी तालुक्यातले तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि गावातल्या 'उमेद' गटाच्या ताई आहेत.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

• पहिल्या वर्षी एक शेवगा, एक कढीपत्ता, एक पपई आणि दोन पालेभाज्या पुरेत.
• भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकू नये.
• लोखंडी कढई वापरावी. लिंबू ताटात पिळावे, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते.
• जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको.
• शेवग्याचा पाला सावलीत वाळवून भाकरीच्या पिठात मूठभर मिसळावा.
• वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासून तारखेसह वहीत लिहावे. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या वर आणि गरोदर बाईचे ११ च्या वर असावे.

यंदा मृगाला आमची पाच घरे नऊ झाली आहेत. नव्या चार घरांत बी देण्याआधी आम्ही एक वाटी दिली आणि ती कुणाची ते घरातल्या सगळ्यांसमोर सांगितले.